'मी फक्त हुकूम पाळला' हा बचाव कोर्टमार्शलमध्ये टिकतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात होणाऱ्या प्रयोगासाठी तुम्ही कोर्टमार्शलवर एकांकिका लिहिताय. पलटणीत एक जवान सारखा मागे पडतो, तक्रारीही करतो. कंपनी कमांडर हवालदाराला सांगतो, 'याला सरळ करा.' रात्री हवालदार आणि एक शिपाई त्याला मारतात आणि जवान दगावतो. खटल्यात दोघंही म्हणतात, आम्ही हुकूम पाळला. हे टिकेल का, आणि अशा खटल्यात खरं नाट्य कुठे असतं, हे तुम्हाला हवं आहे.

मी वकील नाही. सैन्यात क्लार्क होतो. चार्जशीट टाइप करणं, साक्षीदारांचे जबाब लिहून घ्यायला बसणं, कोर्टाच्या कागदांच्या प्रती लावणं या कामात माझी बरीचशी नोकरी गेली. आता सोलापुरात असतो, माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. त्या अनुभवावरून आणि वाचनावरून सांगतो.

सरळ उत्तर: बचाव म्हणून टिकत नाही. शिक्षा कमी करण्यासाठी मात्र त्याचा विचार होऊ शकतो. पण नुसतं 'टिकत नाही' एवढं घेऊन तुम्ही लिहायला बसलात तर नाटक सपाट होईल, म्हणून कारण नीट समजून घ्या.

सेना अधिनियम १९५० च्या कलम ४१ मध्ये हुकूम न पाळण्याचा गुन्हा आहे. वरिष्ठाने समोर दिलेला हुकूम उघड धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ही भीती खरी आहे, तुमच्या शिपायाच्या अंगात ती भरती झाल्या दिवसापासून मुरलेली असणार. पण कलमात हुकुमाला एक अट जोडलेली आहे: हुकूम कायदेशीर असला पाहिजे. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये (जुन्या दंड संहितेत हेच कलम ७६ होतं) एक उदाहरण दिलंय. वरिष्ठाच्या हुकुमावरून सैनिक जमावावर गोळी झाडतो आणि ते कायद्याच्या आज्ञेला धरून असतं, म्हणून तो गुन्हेगार नाही. या उदाहरणात वरिष्ठाचा हुकूम एकटा पुरेसा मानलेला नाही, सैनिकाचं कृत्य कायद्यालाही धरून असावं लागतं. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला तर संरक्षण मिळतं, कायद्याबद्दलच्या गैरसमजाला मिळत नाही. 'साहेबांना मारायला सांगण्याचा अधिकार असतो असं मला वाटलं,' हे तुमच्या शिपायाला वाचवणार नाही.

आता मारहाण. सेना अधिनियमात कोणत्या शिक्षा देता येतात याची यादी आहे, त्यात मारणं कुठेच नाही. कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात २८ दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो, लाईनमध्ये (बराकींच्या आवारात) अडकवून ठेवू शकतो, जादा गार्ड लावू शकतो, १४ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. कंपनीत रगडा लावतात, पिट्ठू परेड (पाठीवर ओझं देऊन कवायत) करवतात, हे फौजेत सगळ्यांना माहीत आहे. पण हाताखालच्या माणसाला मारणं किंवा छळणं हा कलम ४७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा. म्हणजे कंपनी कमांडर अगदी स्पष्ट शब्दांत 'मारा' म्हणाला असता तरी तो कायदेशीर हुकूम झाला नसता. हवालदाराने 'जमणार नाही साहेब' म्हटलं असतं, तर कायद्याने तो निर्दोष होता.

कायद्याने. हा शब्द लिहिणं मला सोपं आहे. हवालदाराला ते रात्री नऊ वाजता, बॅरकच्या दारात उभं राहून, एकट्याने ठरवायचं असतं. समोरचा अधिकारी त्याची रजा मंजूर करणारा, त्याचा वार्षिक अहवाल लिहिणारा, उद्या सीमेवर त्याच्या पुढे चालणारा. हुकूम कायदेशीर होता की नव्हता याचा निकाल कोर्ट कित्येक महिन्यांनी, कागद पुढे ठेवून देतं. त्या रात्री नकार देणाऱ्याच्या हातात कुठलाही कागद नसतो. चुकीचा अंदाज केला तर कलम ४१ त्याच्यावरच लागणार. तुम्ही 'कर्तव्य विरुद्ध न्याय' असं शीर्षक सुचवलंय, पण मला हा झगडा तसा दिसत नाही. कायद्याच्या नजरेत बेकायदा हुकूम नाकारणं हेही कर्तव्यच आहे. ते बजावण्याची किंमत मात्र सर्वात खालच्या माणसाने आगाऊ मोजायची असते. तुमचं नाटक या जागी उभं राहिलं तर प्रेक्षक हलेल.

जगभर न्यायालयांनी या प्रश्नाला हात घातलाय. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यांनंतर तत्त्व मांडलं गेलं की वरिष्ठाच्या हुकुमामुळे जबाबदारी जात नाही, फक्त त्या माणसाला प्रत्यक्षात दुसरा पर्याय निवडता येणं शक्य होतं का ते पाहायचं. इस्रायलमध्ये १९५६ साली कफर कासिम गावात संचारबंदीची खबर नसलेले, शेतातून घरी परतणारे गावकरी सीमा पोलिसांनी गोळ्या घालून मारले. त्या खटल्यात न्यायाधीश बेंजामिन हालेवी यांनी १९५८ मध्ये कसोटी सांगितली की काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात की त्यांच्यावर काळा झेंडा फडकत असल्यासारखं कुणालाही दिसावं, ते पाळणाऱ्याला सबब नाही. अमेरिकेत माय लाय हत्याकांडासाठी (व्हिएतनाम युद्धात सैनिकांनी नि:शस्त्र गावकरी मारले ते) लेफ्टनंट विल्यम कॅली १९७१ मध्ये कोर्टमार्शलमध्ये दोषी ठरला, त्याचाही बचाव वरून हुकूम होता असाच होता. पण त्याच्या वरच्यांपैकी त्या हत्याकांडासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. ही गोष्ट मला कायम टोचते, आणि तुमच्या नाटकातल्या कंपनी कमांडरचं काय करायचं हे ठरवताना तुम्हीही ती विसरू नका.

आता आपल्या गावाचं. सोलापुरात लष्करी कोर्ट म्हटलं की जुन्या माणसांना १९३० आठवतं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, गिरणी कामगार बाहेर पडले, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौक्या आणि न्यायालय जळालं, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार पुतळ्यापाशी आपण रोज सिग्नलला थांबतो ते हेच चौघं. पण नाटक लिहिताना मार्शल लॉ आणि कोर्टमार्शल यांची गल्लत करू नका. सोलापूरच्या प्रेक्षकांत ती गल्लत हमखास होते. मार्शल लॉमध्ये शहर लष्कराच्या ताब्यात जातं आणि नागरिकांवर लष्करी अंमल चालतो. कोर्टमार्शल ही सैन्याची आपल्याच माणसांसाठीची, कायद्याने ठरवून दिलेली न्यायव्यवस्था आहे.

त्याच काळातला एक खरा कोर्टमार्शल मात्र तुम्ही जरूर वाचा. सोलापूर पेटण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २३ एप्रिल १९३० रोजी, पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफारखानांच्या अहिंसक चळवळीतल्या नि:शस्त्र खुदाई खिदमतगारांसमोर गढवाल रायफल्सची तुकडी उभी होती. गोळी चालवण्याचा हुकूम आला आणि हवालदार चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या साथीदारांनी तो पाळला नाही. त्यांच्यावर कोर्टमार्शल झाला. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी त्यांची बाजू लढवली. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, ते १९४१ मध्ये सुटले. त्या वेळचं कायद्याचं पुस्तक उघडून बघितलं तर न्यायालयाने फार चुकीचं काही केलं असं म्हणता येत नाही. आणि तरीही आज त्या शिक्षेला कुणी न्याय म्हणणार नाही. या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते तुमच्या बचाव पक्षाच्या तोंडी यायला हवं. शक्य झालं तर गढवालींचं नाव नाटकात एकदा घ्या. सोलापूरच्या प्रेक्षकाला ते महिने वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता कामकाज. सिनेमात बघून बहुतेक एकांकिकांमध्ये जे येतं ते काढून टाका: हातोडा आपटणारा न्यायाधीश, प्रेक्षकांकडे वळून भाषण ठोकणारा वकील, शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदार. मागे इथल्याच एका स्पर्धेत मी असा प्रयोग पाहिला. पोरं जीव तोडून काम करत होती, पण सगळा जोर आरडाओरड्यात गेला.

खरी प्रक्रिया फार आधी सुरू होते. पहिली पायरी कमांडिंग ऑफिसरसमोरची पेशी. आरोपीला टोपी आणि बेल्ट काढून आत मार्च करवतात. ज्या माणसाने वर्षानुवर्षं बेल्टच्या पितळेला पॉलिश केलं त्याच्या कमरेला तो नसतो, हे रंगमंचावर कुठल्याही संवादापेक्षा जड जातं. सेना नियम २२ प्रमाणे तिथे आरोप ऐकवले जातात, साक्षीदार समोर बोलतात, आरोपी त्यांना प्रश्न विचारू शकतो. मग नियम २३ खाली साक्षींचा सारांश लिहून घेतला जातो, त्याला आम्ही नुसतं 'समरी' म्हणायचो. एकेक ओळ लिहायची, साक्षीदाराला वाचून दाखवायची, सही घ्यायची. खटला खरा इथे बनतो किंवा बिघडतो, आणि कुठल्याही नाटकात ही खोली मला दिसलेली नाही. तुमच्या हवालदाराला इथे विचारलं जाईल: साहेब नेमकं काय म्हणाले? 'सरळ करा.' मारा म्हणाले? 'नाही.' मग तुम्ही मारलं का? या प्रश्नाला तो काय उत्तर देतो त्यावर सगळं उभं राहील. कारण फौजेत अशा गोष्टी इशाऱ्यात सांगितल्या जातात, आणि इशाऱ्यावर कुणाची सही नसते. कंपनी कमांडर म्हणेल, मी जादा परेड म्हणालो होतो. तो खोटं बोलतोय असं तुम्ही दाखवू नका. त्याला स्वतःला मनापासून तसं वाटत असेल, तर तो अधिक भयंकर आहे.

मृत्यूचं प्रकरण असल्याने खटला जनरल कोर्टमार्शलपुढे जाईल. डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शल २ वर्षांपेक्षा जास्त कारावास देऊ शकत नाही, ते इथे चालणार नाही. मृत आणि आरोपी दोघंही सैनिक असल्यामुळे सैन्य हा खटला स्वतःकडे ठेवू शकतं. मृत नागरिक असता तर कलम ७० प्रमाणे, काही अपवाद सोडून, खुनाचा खटला साध्या फौजदारी न्यायालयातच गेला असता. जनरल कोर्टमार्शलमध्ये किमान ५ अधिकारी बसतात. जॅग शाखेचा (सैन्याच्या कायदा शाखेचा) न्यायाधिवक्ता त्यांना कायदा समजावून सांगतो, पण मत देत नाही. आरोपीला बचावासाठी अधिकारी मिळतो, तो बाहेरचा वकीलही लावू शकतो. सुरुवातीलाच त्याला विचारतात, या सदस्यांपैकी कुणावर तुझी हरकत आहे का?

आणि मग मतदान. बंद दाराआड, सगळ्यात कनिष्ठ सदस्य आधी मत सांगतो. कर्नल बोलल्यावर कॅप्टन वेगळं काय बोलणार, म्हणून हा क्रम. मतं समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने. मृत्युदंडासाठी किमान दोन तृतीयांश मतं लागतात. हुकुमाच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या संस्थेने न्यायासाठी तीच उतरंड उलटी केली, याचा मला फौजी म्हणून अभिमान आहे. एका तरुण कॅप्टनला सर्वात आधी तोंड उघडावं लागतं आणि बाकीचे चौघं ऐकत असतात, हा प्रवेश लिहाच.

निकाल लागला तरी तो लागू होत नाही. वरच्या अधिकाऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं, आणि तो निकाल फेरविचारासाठी एकदाच परत पाठवू शकतो. इथेही नाट्य आहे. १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर कोर्टमार्शल चालला, भुलाभाई देसाईंनी बचाव केला. कोर्टाने जन्मठेप काळ्या पाण्याची सुनावली आणि सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती जन्मठेप माफ केली. बाहेर देश पेटलेला होता, हे कारण होतंच.

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्हाला आपल्या व्यवस्थेची कमजोर जागा दाखवायची असेल तर ती जनरल कोर्टमार्शलमध्ये नाही. ती समरी कोर्टमार्शलमध्ये आहे (वरची साक्षींची 'समरी' वेगळी). तिथे कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो. आणखी दोघं हजर असतात, पण ते मत देत नाहीत. आरोपीसोबत एक मदतनीस बसू शकतो, पण त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारायची किंवा कोर्टाशी बोलायची मुभा नाही. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर १ वर्षापर्यंत कारावास आणि बडतर्फी देऊ शकतो. अधिकारी आणि जेसीओंवर (सुभेदार वगैरे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) हे कोर्ट चालत नाही, फक्त हवालदार आणि त्याखालच्यांवर. तातडीची शिस्त लागते हे मला मान्य आहे, युद्धाच्या धामधुमीत पाच अधिकारी गोळा करता येत नाहीत. पण शांततेच्या ठाण्यातही हाच मार्ग वापरला जातो, ते मला पटत नाही.

सिग्नलमन रणजित ठाकूर यांचं प्रकरण याचंच आहे. कमांडिंग ऑफिसर वाईट वागवतो अशी तक्रार त्यांनी थेट वर पाठवली, मधले टप्पे टाळले. त्याबद्दल त्याच अधिकाऱ्याने त्यांना २८ दिवसांचा सश्रम कारावास दिला. क्वार्टर गार्डमध्ये (पलटणीच्या कोठडीत) शिक्षा भोगत असताना २९ मे १९८५ रोजी एका सुभेदाराने त्यांना जेवायला सांगितलं, ते जेवले नाहीत. कलम ४१ लागलं. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्टमार्शल झाला, आणि न्यायाच्या खुर्चीत तोच कमांडिंग ऑफिसर होता ज्याच्याविरुद्ध तक्रार होती. १ वर्ष सश्रम कारावास, नोकरीतून बडतर्फ. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सगळं रद्द केलं. कोर्टावर हरकत घेण्याचा हक्क आरोपीला दिलाच नव्हता, न्याय करणारा पक्षपाती असण्याची रास्त भीती होती, आणि जेवण नाकारल्याबद्दलची ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने कमालीची जास्त होती. त्यांना आर्थिक लाभांसह परत घ्यायला सांगितलं.

हे प्रकरण मी निवृत्तीनंतर शांतपणे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आज्ञाधारकपणाचा प्रश्न गोळीबाराच्या हुकुमापेक्षा ताटाभोवती अधिक उघडा पडतो. जेवायचा हुकूम चुकीचा नव्हता. तो नाकारणाऱ्याचा न्याय कोण करतोय, हे चुकीचं होतं. तुमच्या कथेतला मृत जवानही तक्रारी करणारा आहे. त्याने कुणाविरुद्ध तक्रार केली होती, आणि ती कुणाच्या टेबलावर जाऊन पडली? हे दोन प्रश्न नाटकात आले की कंपनी कमांडर आपोआप गोत्यात येतो, त्याला खलनायक रंगवायची गरज उरत नाही.

शिक्षा झालेल्याला पुढे कुठे जाता येतं तेही सांगतो, कारण तुमच्या मसुद्यात थेट सर्वोच्च न्यायालय आलंय. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या प्रकरणात, कोर्टमार्शलवर एकही अपील नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. अशी अपिलं ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा व्हायला २००७ उजाडलं, काम २००९ मध्ये सुरू झालं. मुंबईत खंडपीठ आहे, आपल्याकडच्या माणसाला तिकडेच जावं लागतं.

लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. एक, घटना शांततेच्या ठाण्यात घडवा. सक्रिय सेवेच्या भागात घडवलीत तर समरी जनरल कोर्टमार्शल येतं, त्यात ३ अधिकारी पुरतात, आणि प्रक्रिया इतकी आखडते की मतदानाचा प्रवेश हातचा जाईल. दोन, कंपनी कमांडर त्या खोलीत साक्षीदार म्हणून येतो की आरोपी म्हणून, हे ठरवा. साक्षीदार म्हणून आणा, असं माझं मत. तो साक्ष देऊन सॅल्यूट करून बाहेर जाईल, हवालदार आणि शिपाई आत राहतील, आणि त्यानंतर न्यायाधिवक्त्याला सदस्यांना कायदा समजावून सांगावा लागेल. ते भाषण लहान ठेवा, दीड मिनिटाच्या आत.